सम्राटाच्या सभागृहातल्या म्हशी

आपल्याकडे स्मारक म्हटलं की कोनशिला येते, हार येतो आणि दुसऱ्या दिवसापासून कुलूप येतं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई साहेबांच्या मागं. म्हणून तैवानची राजधानी तैपेई इथल्या एका सभागृहाचं मला कौतुक वाटतं.

1895 पासून तैवान जपानच्या ताब्यात होतं. सम्राट हिरोहितो गादीवर आल्याच्या स्मरणार्थ जपानी सरकारनं जुन्या चिनी कचेरीच्या जागी हे सभागृह उठवलं. 1936 मध्ये ते पुरं झालं. आणि नऊच वर्षांनी, 25 ऑक्टोबर 1945 ला, त्याच सम्राटाच्या सरकारची तैवानमधली शरणागती त्याच सभागृहात स्वीकारली गेली! तैवान चीनकडे गेलं आणि सभागृहाचं नाव बदलून चिनी प्रजासत्ताकाचे जनक सन् यत-सेन यांच्या दुसऱ्या नावावरून ‘चुंगशान हॉल’ झालं. पुढं तिथं राष्ट्राध्यक्ष चँग कै-शेकच्या काळातली राष्ट्रीय सभा भरली. आता गाणं, नाटक, सिनेमाचे महोत्सव होतात.

पण खरी गंमत जिन्याच्या भिंतीवर आहे. तिथं हुआंग तु-शुई या तैवानी शिल्पकाराचं मोठं उठावशिल्प आहे. विषय काय, तर म्हशी, त्यांच्यासोबतची उघडी पोरं आणि मागं केळीची पानं. तोक्योत शिकलेला हा माणूस 1930 मध्ये ऐन पस्तिशीत गेला. त्याच्या म्हशी मात्र सम्राटाच्या इमारतीत ठाण मांडून आहेत. केळीच्या बागांमधल्या रावेर-यावलच्या माणसाला ते चित्र परकं वाटणार नाही.

आता आपल्याकडची सभागृहं बघा. मुंबईचा कावसजी जहांगीर हॉल 1911 चा, आराखडा जॉर्ज विटेटचा. तिथं सभा गाजल्या, मैफली रंगल्या. 1996 पासून तिथं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. चित्रांना घर मिळालं हे चांगलंच, पण सभेची जागा गेली ती गेलीच.

आपल्या खानदेशाचं उदाहरण उलट आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांना तिथं जागा मिळाली, अभ्यासकांना बैठक मिळाली.

एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी उद्या नवं सभागृह झालं, तर नाव कुणाचं द्यायचं यावर भांडण होणारच. होऊ द्या. मला फक्त एवढं कळलं पाहिजे, की लग्नाची तिथ नसलेल्या सोमवारी भजनी मंडळाला आणि शाळेच्या नाटकाच्या तालमीला तिथं भाडं किती पडेल?