निघण्यापूर्वीच्या प्रश्नांना वाली कोण?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले आणि दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांना राज्यसभेत निवेदन करावे लागले. सभागृहातील गदारोळ प्रामुख्याने या प्रवाशांना घातलेल्या बेड्यांवरून झाला आणि तो स्वाभाविकही होता. परत आलेल्यांत बहुसंख्य हरियाणा, गुजरात व पंजाबचे होते. तिघे महाराष्ट्राचेही होते. मात्र ही माणसे घर सोडून निघाली तेव्हा त्यांना कोणी काय सांगितले होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

संसदेत परदेशस्थ भारतीयांची आठवण सहसा दोन प्रसंगी निघते. एक, ते पैसे पाठवतात तेव्हा. २०२४-२५ या वर्षात ही रक्कम १३५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. दुसरा, ते संकटात सापडतात तेव्हा. या दोहोंच्या आधीचा जो क्षण, म्हणजे जाण्याचा निर्णय घेण्याचा, तो मात्र दलाल, नातेवाईक आणि नशीब यांच्यावर सोपवलेला आहे.

याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. परदेशी रोजगारासाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणाची चौकट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने घालून दिली. त्या काळी डोळ्यांसमोर होता तो आखाती देशांत निघालेला अल्पशिक्षित मजूर. म्हणून दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ असा शेरा, अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी, भरती एजंटाच्या शुल्कावर तीस हजार रुपयांची मर्यादा, दहा लाखांचा अपघात विमा आणि २०१८ पासून एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण अशी व्यवस्था उभी राहिली. ती उपयुक्त आहेच. पण दहावीच्या पुढे शिकलेला माणूस स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, हे तिचे गृहीतक आता टिकणारे नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. संगणकावरील नोकरीच्या आमिषाने गेलेल्या अशा तरुणांना ‘ईसीआर’ची भिंत मुळात आडवी येतच नाही.

फसवणूक हे या प्रश्नाचे टोक झाले. रीतसर व्हिसा घेऊन सन्मानाने जाणाऱ्यांचे काय? दिल्लीत बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याला स्थलांतराची झळ ठाऊक असते. पण त्याची ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड आणि मुलांसाठी केंद्रीय विद्यालय ही सारी त्याच्यासोबत येतात. त्याचाच मुलगा किंवा पुतण्या स्टुटगार्टला निघतो, तेव्हा यातले काहीही आपोआप सोबत जात नाही.

स्टुटगार्टचे नाव घेण्यास कारण आहे. ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याची ती राजधानी, त्या राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. दार उघडले आहे, हे खरे. उंबरठ्यावर विचारायचे प्रश्न मात्र बरेच आहेत.

पहिला प्रश्न पदवीचा. परिचारिका किंवा डॉक्टर यांच्या पात्रतेला तेथील मान्यता मिळाल्याखेरीज त्यांना त्या पदावर पूर्णपणे काम करता येत नाही. परिचारिकेला साधारणपणे ‘बी-२’ पातळीची जर्मन भाषाही लागते. आपल्या आयटीआयचे प्रमाणपत्र आणि कारखान्यात काम करत शिकण्याची तेथील पद्धत यांची रचना भिन्न आहे. त्यामुळे अंशतः मान्यता आणि उरलेल्या भागासाठी पूरक प्रशिक्षण असा मार्ग अनेकांच्या वाट्याला येतो. त्या काळात हुद्दा कोणता आणि वेतन किती, हे करारात लिहिले आहे काय, हे निघण्याआधी पाहावयास हवे.

दुसरा प्रश्न घराचा. नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. कर क्रमांकही या नोंदणीवर अवलंबून असतो. घरांची टंचाई असलेल्या शहरात हे प्रमाणपत्र कोण देणार? पगाराचा हिशेबही असाच. अविवाहिताच्या वेतनातून कर, आरोग्य विमा व निवृत्ती वर्गणी मिळून तिसरा हिस्सा सहज वजा होतो. करारातील आकड्याला शंभर रुपयांच्या भावाने गुणून गावाकडे कर्ज काढणाऱ्याने आधी ही वजाबाकी करावी.

तिसरा प्रश्न म्हातारपणाचा. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून अमलात आहे. त्यामुळे निवृत्तिवेतनाची पात्रता ठरवताना दोन्ही देशांतील सेवाकाल एकत्र धरता येतो. अमेरिकेशी असा करार नाही. तेथे निवृत्तिलाभासाठी सुमारे दहा वर्षांची वर्गणी लागते आणि एच-१बी व्हिसाची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची आहे. मुदत संपताच परतणाऱ्याला ती वर्गणी परत मिळत नाही.

शेवटचा प्रश्न नागरिकत्वाचा. जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली. पण आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणारा भारतीय नागरिक राहत नाही. ‘ओसीआय’ कार्ड हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्याने येथे राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारशाने मिळू शकते, हे गावाकडच्या भावंडांनीही जाणून घ्यावे. अन्यथा गैरसमजातून तंटे उभे राहतात. २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याची माहिती सरकारने संसदेत दिली. त्यांतील कितींनी हा हिशेब आधी मांडला होता, हे कोणत्याही तारांकित प्रश्नातून कळत नाही.

१९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ असे तीनदा नवे मसुदे लोकांपुढे ठेवले गेले. नोंदणी, दंड आणि नव्या परिषदा यांवर अशा मसुद्यांत भर असतो. त्यांच्याइतकेच निकडीचे काम साधे आहे: शिक्षणाची अट न लावता, प्रत्येक इच्छुकाला त्याच्या भाषेत, निर्णय घेण्यापूर्वी ही माहिती मिळण्याचा हक्क. महाराष्ट्राला त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. जे राज्य आपल्या तरुणांना जर्मन भाषा शिकवू पाहते, त्याने त्याच वर्गात मान्यता, घर, वर्गणी आणि नागरिकत्व हे चार धडेही ठेवावेत.

परदेशी अडकलेल्या नागरिकाला विमानाने परत आणणे हे सरकारचे कर्तव्यच. ते पार पडले की सभागृहात बाके वाजतात. निघण्याआधी दिलेल्या एका नेमक्या उत्तरासाठी बाके वाजणार नाहीत. पण त्याने एखादे परतीचे विमान वाचेल.