वाकलेली फियाट

माणसाने वयोमानानुसार थोडे वाकावे, हे मला मान्य आहे. आमच्या बँकेत तर वाकल्याशिवाय बढतीच मिळत नाही. पण पन्नाशीला टेकलेल्या मोटारीने का वाकावे, हे मला कुणी समजावून सांगेल काय?

प्रश्न माझ्या भाच्याने उपस्थित केला आहे. त्याच्याकडे आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. हीच गाडी १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, मग 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. कंपनीने तीनदा बारसे केले, पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली आणि तेव्हापासून ज्याच्या दारात ही गाडी धूळ खात होती, त्याला एकदम आपण संस्थानिक असल्याचा भास होऊ लागला.

"मामा, गाडी तीन इंच खाली घेतोय. मग स्टान्स बघा तिचा!"

स्टान्स हा शब्द मी आजवर फक्त क्रिकेटच्या कॉमेंटरीत ऐकला होता. गाडी खाली घेणे म्हणजे काय, हे मी त्याच्या मेस्त्रीला विचारले. कृती सोपी आहे. पुढच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, त्यांचे एखाददुसरे वेटोळे कापून टाकायचे. मागे पाटे असतात, त्यांची कमान ठोकून सपाट करायची. कुठेकुठे म्हणे कापण्याचेही कष्ट घेत नाहीत. गॅसची ज्योत लावून स्प्रिंगच तापवून बसवतात. पोलादाचे पाणी त्यात उतरते, पण गाडीही उतरते ना!

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला यात यंत्रशास्त्र दिसत नाही, हिशेब दिसतो. चाकाला वर-खाली व्हायला जी जागा ठेवलेली असते, ती गाडीचा राखीव निधी आहे. रोजच्या व्यवहारात त्याला कुणी हात लावत नाही, म्हणून तो रिकामा पडून आहे असे वाटते. पण एखाद्या पावसाळी रात्री न दिसलेला खड्डा आला की तोच निधी मोडून भागवावे लागते. भाचा हा निधी उडवून टाकणार आणि वर ताळेबंद देखणा झाला म्हणणार! शिवाय कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते. म्हणजे धक्के सोसायची जागा कमी आणि प्रत्येक धक्का मोठा. खड्ड्यात चाक जिथे जाऊन थडकते तिथे एक रबरी ठोकळा असतो. त्याच्यानंतर पुढचा ठोकळा म्हणजे तुमचा मणका.

"पण मामा, रेसच्या गाड्या खालीच असतात. वळणावर कलत नाहीत."

खरे आहे. मद्रासजवळ शोलावरमला फियाट गाड्या शर्यतीत धावत, हेही मला ठाऊक आहे. पण शोलावरम ही विमानांची जुनी धावपट्टी होती. तिथे सोसायटीच्या चेअरमनने बांधलेला स्पीडब्रेकर नव्हता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा लांबट उतरता असावा लागतो. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर पाहून तो समाधी आहे की काय, अशी शंका येते. त्याच्यावरून धडधाकट गाड्यासुद्धा पोट आवळून जातात. तिथे भाच्याची वाकलेली फियाट आडवी-तिडवी, नागमोडी, एकेक चाक चढवीत नेताना पाहिली की मागचे रिक्षावाले कोणत्या भाषेत बोलतील, ते मी इथे लिहू शकत नाही.

एवढे होऊन मी विचारले, "आणि ब्रेक?"

"ब्रेक काय, आहेत की."

इथे मात्र माझी विनोदबुद्धी संपते. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. ज्यांच्या घरी ही गाडी होती, त्यांना त्यांचा स्वभाव सांगायला नको. दाबला की गाडी एका बाजूला ओढते, पाण्यातून गेली की थोडा वेळ ब्रेक हे केवळ आश्वासन असते. वेगाचा हिशेबही सावकारी आहे. ३० वरून ६० वर गेलात तर गाडीतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने ब्रेकने फेडायची असते. ड्रम हे बंद डबे. खंडाळ्याचा घाट उतरताना ते तापतात, तापून फुगतात, आतल्या लायनरपासून दूर सरकतात, लायनरची पकडही ढिली होते आणि पाय खाली जात राहतो. डिस्क उघड्यावर असते. वारा लागतो, पाणी फेकले जाते. म्हणून म्हणतो, या गाडीवर खर्च करायचाच तर तो पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकवर करा. आणि तो नीट करा. डिस्कला पाय जास्त जोरात लागतो, तेव्हा बूस्टर हवा, जुळणारा मास्टर सिलिंडर हवा, आणि मागची चाके आधी आवळली जाणार नाहीत एवढा तोल साधायला हवा. भंगारातून आणलेल्या चकत्या वेल्डिंगने चिकटवणे याला डिस्क ब्रेक म्हणत नाहीत.

यावर आमच्या शाखेचे हेडकॅशियर उखडतात. त्यांच्याकडेही पद्मिनी आहे आणि तिचा एक स्क्रू बदलला तरी त्यांना धर्म बुडाल्यासारखे वाटते. "ओरिजिनल ते ओरिजिनल!" मी त्यांना एवढेच सांगतो, की इटलीतल्या तिच्या थोरल्या बहिणीला, ११०० आर ला, खुद्द फियाटने १९६६ सालीच पुढे डिस्क ब्रेक दिले होते. इटलीत धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडची धाकटी मात्र ड्रमवरच संसार करत राहिली.

कायद्याचे म्हणाल तर तो दोघांनाही एकाच नजरेने पाहतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू नका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केला की तो मान गेला. माझी तक्रार अशी, की मिरवण्यासाठी केलेला बदल आणि थांबण्यासाठी केलेला बदल यांना एकच रकाना का? आरटीओने जुन्या गाड्यांच्या ब्रेकसाठी तपासणी करून परवानगी द्यायचा वेगळा अर्ज काढावा. तो भरून घ्यायला मी स्वतः काउंटरवर बसेन. आमची आयुष्यभराची सवय आहे.

भाच्याला मी सांगितले, आधी आरटीओत लेखी विचार, मग ब्रेक, मग टायर. यातून पैसे उरले तर स्प्रिंगा काप. त्याने दोन गॅरेजमधून अंदाजपत्रके आणली. खाली घ्यायचा खर्च ब्रेकच्या खर्चापुढे किरकोळ निघाला. तेव्हा तो मला विचारतो, "मामा, डिस्क ब्रेकला बँक लोन देते का हो?"

देत नाही. मी सर्क्युलर शोधून पाहिले.