काठीत करंट, शिवारात अंधार!

रात्री एकच्या सुमारास लाईट येते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटचा शेतकरी गोधडी फेकून उठतो आणि हरभऱ्याला दारे धरायला निघतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, पायांत झिजलेली चप्पल. डिसेंबर 2024 मध्ये याच धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात, वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर तुडवत तो इथवर आला होता. तेव्हापासून बांधावरची प्रत्येक सळसळ काळजाचा ठोका चुकवते. अशा घाबरलेल्या माणसाच्या मोबाइलवर मग जाहिरात झळकते: विजेचा झटका देणारी काठी घ्या, लाखो व्होल्टची! ट्रेकवाल्या हौशी मंडळींसाठी निघालेला हा माल आता शेतकऱ्याच्या भीतीवर पोसला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या लाखो व्होल्टांचा हिशेब आधी मांडू. कोरड्या हवेत एक सेंटीमीटर ठिणगी उडायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. काठीच्या दोन टोकांत दोन सेंटीमीटरचे अंतर असेल तर साठेक हजारांत काम भागते. मग उरलेले लाखो व्होल्ट जाहिरातदाराच्या जिभेवर तयार होतात काय? बरे, झटका बसायचा तर दोन्ही टोके जनावराच्या अंगाला भिडली पाहिजेत. दाट केसांवर आणि जाड कातड्यावर त्यातला किती उतरेल? बिबट्या पाठीमागून, वाकलेल्या माणसावर झेप घेतो. त्याच्या जबड्यात मान सापडल्यावर बटण शोधणार कोण? आणि ज्याला काठी टेकवायची, त्याच्या नखांच्या टप्प्यात आपण आधीच जाऊन उभे असतो!

पूर्वी देवऋषी गंडा बांधायचा, आता कंपनी बॅटरीवरचा ताईत विकते. त्यापेक्षा आमच्या आज्याची घुंगुरकाठी शहाणी. तिचा छनछनाट आणि जमिनीवरचा ठोका ‘माणूस येतोय’ एवढे दुरूनच सांगतो, आणि बहुतेक जनावरांना वाट सोडायला तेवढे पुरते. ताईत मात्र धीर देत नाही, उसना माज देतो. ज्या कोपऱ्यात जायला नको, तिथे तो माणसाला नेतो.

ताईत घेणाऱ्याला हसून मोकळे होणे सोपे आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन आठवड्यांत दोन लेकरे आणि एक म्हातारी नेली. तिथल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात गेल्या. ज्या राज्यात घरच्या लक्ष्मीला खिळ्यांचा हार घालून खुरपायला जावे लागते, त्या राज्याच्या कारभाऱ्यांना झोप कशी लागते?

सरकार म्हणेल, आम्ही वीज दिली, तीही फुकट! होय, 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल माफ आहे. पण पाळी रात्रीची आली की त्या फुकट विजेची किंमत शेतकरी जिवाने मोजतो. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची 2.0 आवृत्ती निघाली. आवृत्त्या पुस्तकाच्या निघाव्यात, वचनाच्या नव्हे! माणूस दिवसा रानात आणि जनावर रात्री, ही वाटणी निसर्गाने कधीच करून ठेवली होती. ती विजेच्या वेळापत्रकाने मोडली आणि दोघांना एकाच अंधारात एकमेकांसमोर उभे केले.

त्या अंधारातला खरा यम वाघ नाहीच. तो मण्यार आहे, घोणस आहे, नाग आहे, फुरसे आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघ-बिबट्याने माणूस मारला तर राज्य वारसांना 25 लाख देते. तोच शेतकरी घोणशीने मारला तर अपघात योजनेतून 2 लाख! साप हा वन्यप्राणी नाही? की मरणाची किंमत मारणाऱ्याच्या रुबाबावर ठरते?

आणि आम्ही गावकरी तरी धुतल्या तांदळासारखे आहोत काय? साप चावलेल्याला अजूनही मारुतीच्या पारावर निजवून लिंबाचा पाला चघळायला लावणारे पुढारी आमच्यातच आहेत. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही. पाला कडू लागतो की गोड हे पाहता पाहता श्वास थांबतो. त्यावर इलाज एकच, दवाखान्यातले प्रतिविषाचे इंजेक्शन. रानडुकरासाठी तारेत थेट लाईनीचा करंट सोडणारेही आमचेच. बॅटरीवरचे झटका मशीन क्षणभराचा धक्का देऊन जनावर परतवते. लाईनीचा करंट जनावर मारतो, आणि पहाटे त्याच तारेला शेजाऱ्याचे पोर चिकटते. हा गुन्हा आहे, आणि पापही आहे.

म्हणून आमचे मागणे रोखठोक आहे. रब्बीच्या हंगामात जळकोटच्याच नव्हे, साऱ्या मराठवाड्याच्या पंपांना दिवसा वीज द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते टोचणारा डॉक्टर रात्रीही हजर ठेवा. सर्पदंशाच्या मरणाला वाघाच्या मरणाइतकाच मोबदला द्या. आणि शेतकरीदादा, त्या काठीचे पैसे असतील तर आधी गुडघाभर गमबूट घे, जोडीला माणूस घे, घुंगुरकाठी आपटत चाल.

वीज काठीत नको, मोटारीला हवी. आणि ती सूर्य डोक्यावर असताना हवी. ज्या दिवशी दारे धरणारा माणूस दिवेलागणीला घरी पोचेल, त्या दिवशी या काठ्या विकणाऱ्यांना जळकोटच्या बाजारात गिऱ्हाईक मिळणार नाही!