दोष कोणी सिद्ध करायचा?

मोटारीने उडवलेला माणूस बेशुद्ध पडलेला असतो. आणि चूक चालकाची होती हे सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावरच! १९७७ साली मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की निष्काळजीपणा शाबीत झाल्याशिवाय भरपाई नाही. १९८२ साली दोष न पाहता थोडी रक्कम देण्याची तरतूद झाली. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. पण ज्या कमावत्या माणसाचा पाय कायमचा गेला, त्याला अडीच लाख किती दिवस पुरणार? अधिक हवे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दोष दाखवावाच लागतो.

ही अट सरसकट काढावी असे मी म्हणत नाही. बेदरकार आणि सावध चालकाला एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. शिवाय दावा न्यायाधिकरण फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागत नाही. शक्यता कोणत्या बाजूला अधिक, एवढेच पाहते. म्हणजे एखादा प्रामाणिक साक्षीदारही पुष्कळ काम करतो. आणि नेमका तोच मिळत नाही! बघ्यांची गर्दी मोठी, साक्षीला कोणीच नाही. ‘पोलिसांचे लचांड नको’ ही सबबही आता लंगडी आहे. जखमीला मदत करणारा स्वेच्छेने साक्षीदार झाला, तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या जागी, एकाच वेळी घ्यावा, असा नियम आहे.

मित्रहो, कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर गाडीचा नंबर टिपून घेणे आणि पाहिले ते सांगणे, एवढे आपल्या हाती आहे.