डुप्लिकेट डोळा

परवा घरून फोन आला. घर म्हणजे आष्टी, वर्धा जिल्ह्यातली. बाबांच्या दुसऱ्या लेसरचा क्लेम विमा कंपनीनं परत पाठवला होता. कारण? "हीच प्रोसिजर आधी मंजूर केली आहे. डुप्लिकेट."

बाबा म्हणाले, "त्याईले सांग, मले डोये दोन हायेत म्हणा!"

हसलो खरा, पण ओशाळलोही. पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. असले डुप्लिकेट चेक मीच टाकलेत की!

तर भानगड अशी. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक, फुटक्या रक्तवाहिन्या वाढल्या की पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे ठिपके देतात. एका डोळ्याला साधारण १२०० ते १६००. सगळे एकदम दिले तर मधल्या भागाला सूज येऊ शकते, म्हणून बहुधा दोन-तीन सिटिंगमध्ये करतात. दोन डोळ्यांची मिळून चार-सहा बिलं, आणि सगळ्यांवर एकच शब्द, 'लेसर'. पेशंट तोच, रक्कम तीच. कॉम्प्युटर बिचारा दुसरं काय म्हणणार?

अमेरिकेत या लेसरचा कोड ६७२२८. त्याला आरटी किंवा एलटी जोडलं की उजवा-डावा कळतो. ठरावीक दिवसांच्या आत पुन्हा केलं आणि तो आधीच ठरलेला पुढचा टप्पा असेल तर मॉडिफायर ५८, दुसऱ्या डोळ्याचं असेल तर ७९. क्लेम तिथंही अडकतात, पण निदान सांगायला जागा तरी आहे.

डुप्लिकेट तपासूच नका असं मी म्हणत नाही. एकच बिल दोनदा लावणारे महाभाग असतातच. पण डोळा कुठला, सिटिंग कितवं आणि ते आधीच ठरलेलं होतं का, एवढं तरी बिलावर हवंच. डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट होतं, 'डावा डोळा, १/३'. बिलात ते उतरलंच नाही.

खरी काळजी पुढेच. बाबा म्हणाले, "राहू दे आता, बरं दिसते मले." या लेसरनं नजर वाढत नाही, आहे ती टिकवायला करतात. त्यामुळे सिटिंग चुकलं तरी लगेच कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

असो. डॉक्टरांकडून तसं पत्र घेऊन पाठवलंय. बाबांनाही कसंबसं तयार केलंय. आणि सोमवारी ऑफिसात पहिलं काम म्हणजे माझा तो चेक उघडून बघणं. न जाणो, तिथंही कुणाचा तरी डोळा अडकलेला असायचा.