बिदागी नव्हे, मजुरी

आमच्या भागातील धर्मग्रामांत गेली काही वर्षे एक तक्रार वरचेवर कानी येते. शनिवारी रात्री परमिट रूममध्ये कीबोर्ड वाजवणारा तरुण रविवारी सकाळी मिस्सेच्या वेळी गायकवृंदात बसतो, हे शोभते काय? तक्रार करणारी मंडळी भाविक आहेत, त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या मुलाच्या हातावर शनिवारी रात्री काय पडते आणि रविवारी सकाळी काय पडते, असे त्यांच्यापैकी एकानेही आजवर आम्हांस विचारलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: काहीही पडत नाही. पहिल्याचे उत्तर थोडे लांबीचे आहे आणि ते कोणालाच ऐकायचे नसते.

कर्जत तालुका अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडून जगली, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. अशा मुलखातही वाद्यांचा तुटवडा कधी नव्हता. राशीनची देवी असो की कर्जतचे गोदड महाराज, हलगी, संबळ आणि सनई यांच्यावाचून यात्रा उभी राहत नसे. पुढे लग्नाच्या वरातीत ब्रास बँड आला, मग बँजो पार्टी आली आणि शेवटी डीजेच्या भिंती आल्या. एका माणसाने बटण दाबले की पंधरा माणसांचे काम होऊ लागले. उरलेल्या चौदांपैकी वयस्कर होते ते ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले. तरुण होते, ज्यांनी मंदिरातल्या पेटीवर सूर ओळखायला शिकून पुढे गिटार-कीबोर्ड हाती घेतले होते, ते अहिल्यानगर आणि पुण्याच्या रस्त्यावरील हॉटेलांत शनिवार-रविवारी वाजवू लागले. त्यांना बारमध्ये कोणी मोहाने ओढून नेलेले नाही. लग्नातली सुपारी गेली म्हणून ते तिकडे गेले.

आता हिशेब. तो आम्ही उदाहरणादाखल मांडत आहोत, कोणा एका हॉटेलाचा नव्हे. वाचकांनी आपल्या माहितीतले आकडे घालून तो पुन्हा करून पाहावा. समजा, चौघांच्या संचाला हॉटेलमालकाने रात्रीचे सहा हजार रुपये कबूल केले. गाडीभाडे आणि आवाजाची यंत्रणा यांचे अठराशे गेले. काम मिळवून देणाऱ्याचे सहाशे गेले. राहिले छत्तीसशे, म्हणजे माणशी नऊशे. नऊशे हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, ठीकच आहे की! पण मुलगा दुपारी चार वाजता घर सोडतो आणि पहाटे दोनला परततो. सरावाचे तास वेगळे, कीबोर्डचा हप्ता वेगळा. आणि असे दिवस महिन्यात आठ. श्रावणात गिऱ्हाईक रोडावते तेव्हा तेही नाहीत. आठ रात्रींचे झाले बहात्तरशे. रोजगार हमीवरील अकुशल मजुरीचा दर महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी ३१२ रुपये ठरला होता. सव्वीस दिवस काम मिळते तर त्याचे ८११२ रुपये होतात. दहा वर्षे बोटे झिजवलेल्या माणसाचा महिना, मातीची पाटी उचलणाऱ्याच्या महिन्यापेक्षा हलका! पाटी उचलणाऱ्याला आम्ही कमी लेखत नाही. त्याच्या कामाला निदान हजेरीपट असतो आणि दर लिहिलेला असतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हॉटेलात लिहिलेले काही नसते. गर्दी कमी झाली की ठरलेल्या रकमेतून हजार-पाचशे कापायचे, गर्दी जास्त झाली की मात्र वाढवायचे नाही. ऐनवेळी कार्यक्रम रद्द झाला तर गाडीभाडेही वाजवणाऱ्याच्या माथी. जेवण दिले, याचा उल्लेख उपकारासारखा. आणि या सर्वांवर मधाचे बोट म्हणून ते वाक्य: “इथे वाजवलेस की चार लोकांत नाव होईल.” हेच वाक्य मालक आचाऱ्याला ऐकवून पाहील काय? भाजीवाल्याला?

आमच्या मते या दुखण्याचे मूळ एका शब्दात आहे. वाजवणाऱ्याला जे देतात त्याला आपण बिदागी म्हणतो. बिदा करताना, म्हणजे निरोप देताना, खुशीने हातावर ठेवायची ती बिदागी. शब्द दरबारी आहे, गोड आहे आणि घातक आहे. खुशीने द्यायचे ते कमी दिले म्हणून भांडता येत नाही. मानधन या शब्दाची तीच गत: मान दिला, आता धनाचे काय विचारता? गवंड्याला कोणी बिदागी देत नाही. त्याला मजुरी द्यावी लागते, आणि ती थकली तर तो दारात येऊन उभा राहतो. वाजवणाऱ्याच्या श्रमाला मजुरी म्हणायला आपण लाजतो ते कलेच्या आदरापोटी, असे सांगितले जाते. आदर एवढा स्वस्त पडत असेल तर तो कोणालाही परवडेल.

“परंतु त्याने स्वतःच ती रक्कम कबूल केली होती ना?” असे शहाणे लोक विचारतात. या युक्तिवादाला आमच्या धर्मसभेने १८९१ साली उत्तर दिले आहे. पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात असे प्रतिपादन केले, की केवळ दोघांनी संमती दिली म्हणून वेतन न्याय्य ठरत नाही. अधिक वाईट संकटाच्या भीतीने मजुराने कमी वेतन मान्य केले, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी होय. गिरणी आणि खाणीतल्या कामगाराला लागू पडते ते परमिट रूमच्या कोपऱ्यात गिटार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला का लागू पडू नये? तिथे प्रकाश निळा असतो म्हणून?

इथे पुन्हा ती भाविक मंडळी पुढे येतात. पैसा दारूचा आहे, त्याच्या न्याय्य वाटपाची चिंता धर्मगुरूने कशाला करावी? दारूने मोडलेली घरे आम्ही कोणाहीपेक्षा कमी पाहिलेली नाहीत, आणि या लेखात बारची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. पण आपल्या जिल्ह्याची भरभराट कशावर उभी आहे, याचा विचार या मंडळींनी करावा. प्रवरानगरपासून पुढे साखर कारखाने उभे राहिले, उसाच्या रसातून साखर निघाली, मळीतून मद्यार्क निघाला. त्या उसाचे पैसे घेताना कोणाला विटाळ झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तशी अपेक्षाही नाही. उलट उसाच्या पैशासाठी कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत किंमत चुकती करावी लागते आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. तो आदेश नीट पाळला जावा म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरतात, आणि ते योग्यच करतात. त्याच मळीच्या दुसऱ्या टोकाला वाजवणारा माणूस उभा आहे. त्याला चौदा दिवसांचा काय, चौदा महिन्यांचाही आधार नाही.

सरकारचे लक्ष बारमधील मंचाकडे नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००५ साली राज्यात डान्स बार बंद झाले, तेव्हा नाचणाऱ्या मुलींबरोबर वाजवणारेही रस्त्यावर आले. त्यांची आठवण कोणी काढली नाही. ऑर्केस्ट्रा बारमध्ये मंचावर चार पुरुष आणि चार स्त्रिया असाव्यात, या अटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की एकूण आठांची मर्यादा राहू शकते, त्यांत पुरुष किती आणि स्त्रिया किती हे सरकारने ठरवू नये. निकाल चांगला आहे. डोकी मोजली गेली. त्या आठ जणांना रात्रीअखेर काय मिळावे, हा प्रश्न त्या वादात नव्हताच. तीच गोष्ट गाण्यांच्या हक्कांची. हॉटेलात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर परवान्याचे पैसे भरावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का झाला. त्याच कायद्याने सादर करणाऱ्या कलावंतालाही हक्क दिले आहेत: त्याच्या संमतीवाचून त्याचा कार्यक्रम मुद्रित करून धंद्यासाठी वापरता येत नाही. आमच्या मुलांचे वाजवणे मोबाईलवर टिपून हॉटेलच्या जाहिरातीत फिरते. त्यांतील एकालाही हे कलम ठाऊक नव्हते.

संघटना असली की काय होते, याचे उदाहरण आपल्या ख्रिस्ती बांधवांतच आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले मुंबईत आली, हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये वाजवू लागली आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा झाली. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. पडद्यावर या माणसांची नावे क्वचितच आली. १९७७ साली अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर गाजले ते एका विनोदी गाण्यामुळे, आणि ते नाव आपल्या गुरूच्या स्मरणार्थ शिष्य प्यारेलाल यांनी तिथे आणले, हे पुष्कळांना आजही माहीत नाही. पण नाव नसले तरी त्या वादकांनी आपली संघटना उभारली, श्रेण्या पाडल्या, श्रेणीगणिक दर ठरवून घेतले. त्या दराखाली वाजवायला एकटा निर्माता एकट्या वादकाला भाग पाडू शकत नव्हता. आमच्या तालुक्यातल्या चार संचांना मात्र एकमेकांचा दर ठाऊक नसतो. मालकाला चारही ठाऊक असतात.

पुरस्कारांनी पोट भरत नाही, हे सांगायला विठाबाई नारायणगावकरांचे नाव पुरेसे आहे. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही तमाशासम्राज्ञी जानेवारी २००२ मध्ये वारली, तेव्हा रुग्णालयाचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. पुढे तिच्या नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. वृद्ध कलावंतांना मिळणारे मानधन २०२४ पासून महिना पाच हजार झाले, हे स्वागतार्ह आहे (शब्द पुन्हा मानधनच!). पण उभ्या आयुष्यात योग्य मजुरी दिली असती तर म्हातारपणी इतक्यांना या दारात उभे राहावे लागले असते काय?

परमिट रूमच्या मालकाला बोलणे सोपे आहे, तो हे त्रैमासिक वाचत नाही. आता जे वाचतात त्यांच्याकडे वळू. आपल्या लग्नांत आचाऱ्याचा दर ताटामागे ठरतो, मंडपवाल्याचा फुटामागे. छायाचित्रकाराला तर निम्मे पैसे आधीच पोचतात. घासाघीस उरते ती बँडवाल्याशी. दहाची वेळ सांगून वऱ्हाड एकला येते, तोवर वाजंत्री उन्हात उभे. मग वरातीत “आणखी एकच गाणे” असे म्हणत दोन तास जातात, त्यांचा पैसा नाही. नाचणारे पाहुणे नवरदेवावरून नोटा ओवाळून उधळतात, आणि पोशाखातला वाजवणारा एका हाताने वाद्य सावरीत दुसऱ्या हाताने त्या मातीतून वेचतो. मग सुपारीचा हिशेब करताना यजमान म्हणतो, ओवाळणी मिळालीच आहे की. टाळेबंदीत २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम लागोपाठ बुडाले. दुसऱ्या वर्षी तर पंचवीस माणसांत, दोन तासांत लग्न उरकण्याचा आदेश होता. बँडमालकाकडून घेतलेली उचल मात्र बुडाली नाही, ती वाजवणाऱ्याच्या डोक्यावर पुढच्या हंगामात आली. त्या काळात वाजंत्र्यांची चौकशी किती यजमानांनी केली?

हे आम्ही कोणाला बोलत आहोत? नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजातील बहुतेकांचे आजे-पणजे गावगाड्यात राबलेले. कोणाच्या घरी हलगी होती, कोणाच्या पाठीवर वेसकरीची काठी. वाजवायला बोलावले की जायचे, मिळेल ते घ्यायचे. खळ्यावरच्या बलुत्याचा दर मागायची सोय नव्हती, नाही म्हणायची तर मुळीच नव्हती. त्या जाचातून सुटायचे म्हणून अनेकांनी वाद्य खुंटीला टांगले आणि ते बरोबरच केले. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. आणि आज त्यांचीच नातवंडे सुशिक्षित होऊन, नोकरीला लागून, मुलीच्या लग्नात हलगीवाल्याला पाटलाच्या सुरात म्हणतात, “देऊ की समजून!” हे समजून देणे काय असते, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

धर्मग्रामाच्या सणाचेही तेच. सजावटवाला, वीजवाला, मंडपवाला, सर्वांची देयके सण समिती चुकती करते. नोव्हेनाच्या नऊ संध्याकाळी आणि सणाच्या दिवशी वाजवणाऱ्याला शाल, नारळ आणि टाळ्या. ही सेवा आहे, तिला पैशाचा विटाळ नको, असे सांगतात. सेवा ज्याची त्याने ठरवायची असते; दुसऱ्याने त्याच्या वतीने ठरवली की ती वेठ होते. आम्हां धर्मगुरूंना मिस्सेसाठी दान देण्याची प्रथा कायद्याने मान्य आहे आणि ते आम्ही स्वीकारतो. त्याने मिस्सेचे पावित्र्य उणे होत नाही. मग पेटीवाल्याच्या पाकिटाने ते कसे उणे होईल? ज्याला विनामूल्य वाजवायचे आहे त्याने पाकीट घ्यावे आणि हवे तर दानपेटीत टाकावे. निर्णय त्याचा.

म्हणून तक्रारकर्त्यांना आमचे उत्तर असे. तो तरुण गायकवृंदातच राहील. ज्यांना त्याची शनिवारची रात्र खुपते त्यांनी ती रात्र त्याला परवडणार नाही असे नव्हे, तर तिची गरज उरणार नाही असे करावे. सण समितीच्या अंदाजपत्रकात वादकांच्या मजुरीचे सदर यंदापासून असेल, आणि ते सजावटीच्या वर लिहिले जाईल. लग्नाची नोंद करायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक कागद दिला जाईल. किती माणसे, किती ते किती वाजेपर्यंत, जास्तीच्या प्रत्येक तासाचे किती, जेवण आणि प्रवास कोणाकडे, रद्द झाल्यास किती: एवढीच पाच कलमे, खाली यजमानाची आणि बँडप्रमुखाची सही. पैसे त्याच दिवशी, मंडप सुटण्यापूर्वी. कागदाची एक प्रत बँडप्रमुखाकडे राहील आणि दुसरी आमच्या कार्यालयात, कोणालाही पाहता येईल अशी.