रफू झालेला मासा

शाळेच्या विज्ञान कोपऱ्यासाठी जीवाश्म घ्यावा म्हणून चौकशी केली, तर एका विक्रेत्याने तिरोड्याला फोटो पाठवला. अमेरिकेतल्या वायोमिंगचा नाइटिया, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा मासा. एकही काटा मोडलेला नाही. तिथेच शंका आली.

दगड फोडताना पाटी तुटतेच. तुकडे चिकटवायला माझी हरकत नाही. उर्दूतला आणि मराठीतलाही ‘रफू’ तोच. पण नसलेली शेपटी लांबी भरून रंगवली, तर ते नवे कापड झाले. सांगून विकले तर ठीक, पण भाव अस्सलाचा का द्यावा?

मी तिरप्या टॉर्चच्या उजेडातले फोटो मागितले. खऱ्या हाडाला बहुधा उठाव असतो, रंग सपाट बसतो आणि दगडाच्या भेगेवरूनही सलग जातो. भिंगाखाली ब्रशचे फटकारे, भरावातले बुडबुडे दिसतात. अतिनील दिव्याखाली गोंद अनेकदा हाडापेक्षा वेगळा चमकतो. विक्रेता गप्पच झाला.

पैसे वाचले. आता मुलांना लेपिडोट्स डेक्कनेन्सिसचे चित्र दाखवीन. हा मासा आपल्या सिरोंच्याजवळ, प्राणहितेकाठच्या कोटा गावचा. 1851 साली साइक्स यांनी त्याचे वर्णन छापले होते.